गावची मूर्ती परदेशी लिलावात दिसली, तर कागद कुठून काढायचे?

देवळातून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गेलेली विष्णुमूर्ती एक दिवस व्हॉट्सॲपवर येऊन पडते. खाली लॉट क्रमांक, डॉलरमधली अंदाजित किंमत आणि "युरोपातील खासगी संग्रहातून, १९७० पूर्वी घेतलेली" अशी एक ओळ. गावात खळबळ उडते. कुणी आमदारांकडे धावतं, कुणी लिलावगृहाला तावातावाने ई-मेल टाकतं, आणि वकिलाला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: यावर आंतरराष्ट्रीय कायदा कोणता लागतो?

हा प्रश्न चौथ्या-पाचव्या पायरीवरचा आहे. वस्तू कुणाच्या मालकीची होती याचा लेखी पुरावा आणि ती जागेवरून व देशाबाहेर कधी गेली याची तारीख, या दोन गोष्टी हातात नसतील तर सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण रोखण्यासाठीचा युनेस्कोचा करार पाठ असूनही काही उपयोग नाही. आणि या दोन्ही गोष्टी दिल्लीत किंवा लंडनमध्ये मिळत नाहीत. त्या तालुक्याच्या ठिकाणी, धर्मादाय कार्यालयात, हैदराबादच्या दफ्तरात आणि गावातल्या एखाद्या लग्नाच्या अल्बममध्ये मिळतात. मराठवाड्यात हे काम जरा जास्त चिवट आहे, कारण इथला कागद एका राजवटीचा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं संस्थान, मग हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. प्रत्येक टप्प्यावर कायदा बदलला, कचेरी बदलली, लिपीसुद्धा बदलली.

लेखात उदाहरण म्हणून एक काल्पनिक गाव धरू: नदीकाठचं हेमाडपंती देऊळ, गाभाऱ्यात काळ्या दगडाची चतुर्भुज विष्णुमूर्ती, आणि ती आता गायब.

लिलावगृहाला लिहिण्याआधी

सर्वांत आधी कॅटलॉगचं पान जपून ठेवायचं. पानाचा पूर्ण पत्ता, लॉट क्रमांक, लिलावाची तारीख, सगळे फोटो मोठ्या आकारात, मापं, वर्णन आणि विशेषतः मालकीच्या प्रवासाच्या ओळी. पान पीडीएफ करा, शिवाय इंटरनेट अर्काइव्हवरही साठवा. हरकत आली की लॉट मागे घेतला जातो आणि पान दुसऱ्या दिवशी नाहीसं होतं, हा अनुभव या क्षेत्रातल्या सगळ्यांना आहे. आपल्या न्यायालयात ही इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (जुन्या कायद्यातलं ६५ ब). त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलचा डिजिटल ठसा) द्यावी लागते. म्हणून ज्याने पान उतरवलं त्यानेच, त्याच दिवशी प्रमाणपत्राचा मसुदा करून ठेवावा.

तडकाफडकी मागणीपत्र मात्र पाठवू नका. न्यूयॉर्कच्या कायद्यात चोरीची वस्तू सद्भावनेने विकत घेतलेल्याविरुद्ध मूळ मालकाची मुदत, मालकाने मागणी केली आणि समोरच्याने नकार दिला, तिथून मोजली जाते. मुदत तीन वर्षांची. गावातल्या उत्साही मंडळाने पाठवलेल्या ई-मेलला "आम्ही दावा मान्य करत नाही" असं उत्तर आलं, की पुढे घड्याळ सुरू झालं की नाही यावरच वाद घालावा लागतो. पत्र जायचंच, पण ते कुणाच्या सहीने, कोणत्या कागदांसह, हे ठरल्यावर.

हीच ती, हे कसं सांगायचं

"आमच्या देवाचा चेहरा आम्ही ओळखत नाही का?" हे गावाचं म्हणणं भावनेने खरं असतं, पण परक्या न्यायालयापुढे टिकत नाही. एकाच काळातल्या, एकाच शैलीतल्या मूर्ती एकमेकींसारख्या दिसतात. म्हणून साम्य दाखवून भागत नाही. जे दुसऱ्या कोणत्याही मूर्तीत असू शकत नाही ते दाखवावं लागतं.

विष्णूची मूर्ती असेल तर आयुधांचा क्रम पहिला लिहा. उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या क्रमाने: पद्म, शंख, चक्र, गदा असेल तर केशव. क्रम बदलला की नाव बदलतं; अशी चोवीस रूपं आहेत. गावात मूर्तीला नुसतं "विष्णू" किंवा "बालाजी" म्हणत असतील आणि कॅटलॉगात तिसरंच नाव असेल, पण आयुधक्रम दोन्हीकडे तोच, तर पहिली गाठ बसली. मग खंडित भाग: तुटलेलं नाक, प्रभावळीचा उडालेला कोपरा, पायाशी असलेल्या सेवकाचा फुटका गुडघा. तुटल्याची रेष बोटाच्या ठशासारखी असते, ती दोन मूर्तींत जुळत नाही. त्यातही मूर्ती उचकटून काढताना खालचा खुंटीचा भाग किंवा पीठ देवळातच राहिलं असेल, तर त्याला कुणालाही हात लावू देऊ नका. तुटलेल्या कडांची मापं जुळणं हा फोटोपेक्षाही भारी पुरावा ठरू शकतो. जीर्णोद्धाराच्या नावाखाली असे अवशेष नदीत सोडायची आपल्याकडे रीत आहे. ती निदान अशा देवळांत तरी थांबवा.

जुने फोटो कुठे शोधायचे? गावात आधी. जत्रा, काकडआरती, मुंज, लग्नानंतरचं देवदर्शन, यांच्या फोटोत मागे मूर्ती दिसते. मूळ प्रत अल्बममधून काढून घेऊ नका. अल्बमसकट, मागच्या तारखेसकट, स्टुडिओच्या शिक्क्यासकट फोटो काढा आणि तो कुणाकडे आहे ते लिहून ठेवा. गावाबाहेर पाहायचं तर जेम्स बर्जेसचा बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या पुरावशेषांवरचा १८७८ चा अहवाल, हेन्री कझन्सने १९०० मध्ये छापलेली निजामाच्या मुलखातल्या पुरावशेषांची यादी, आणि १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे वार्षिक अहवाल. या खात्याचे पहिले प्रमुख गुलाम यझदानी. अजिंठ्यामुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत, पण त्यांच्या अहवालांतल्या आडगावच्या देवळांच्या नोंदी फार थोडे लोक उघडतात. याशिवाय गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा छायाचित्रसंग्रह आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संभाजीनगर मंडळाकडचे फोटो. गावाचं नाव जुन्या इंग्रजीत चार प्रकारे लिहिलेलं असतं. चारही प्रकारे शोधा.

अशा एखाद्या फोटोचं वजन किती, ते तमिळनाडूच्या श्रीपुरंतन गावच्या नटराजाने दाखवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरला ही मूर्ती घेतली. विक्रेता सुभाष कपूर. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातल्या देवळातल्या फोटोंशी ती जुळली आणि २०१४ मध्ये ती भारतात परत आली. कोणा अभ्यासकाने वर्षांपूर्वी केवळ नोंद म्हणून काढलेला फोटो तिथे कामी आला.

ज्यांची मूर्ती अजून जागेवर आहे त्यांनी हे आजच करावं. ऑब्जेक्ट आयडी हा जगभर वापरला जाणारा नमुना आहे: वस्तूचा प्रकार, साहित्य, मापं, लेख वा खुणा, ओळख पटवणारी वैशिष्ट्यं, विषय, काळ, कर्ता माहीत असल्यास, आणि चारही बाजूंचे फोटो. इंटरपोलच्या मोफत आयडी-आर्ट ॲपवर ही माहिती भरून ठेवता येते. दागिने आणि वस्त्रं उतरवून फोटो काढायला पुजारी कधीकधी तयार नसतात. अभिषेकाच्या वेळी मूर्ती तशीही मोकळी असते, तेव्हा काढा. जांब समर्थच्या मंदिरातून ऑगस्ट २०२२ मध्ये राम-लक्ष्मण-सीतेच्या मूर्ती चोरीला गेल्या आणि त्याच वर्षी पोलिसांनी त्या शोधून काढल्या. मूर्ती सर्वांच्या ओळखीच्या होत्या आणि गुन्हा लगेच नोंदला गेला, ही जमेची बाजू होती. आडगावच्या बारवेवरची सप्तमातृकांची शिळा गेली तर किती दिवसांनी कळेल?

मालकीचा कागद

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. कारण असं की १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम वस्तू देशाबाहेर न्यायला मनाई करतो, खासगी मालकी मात्र काढून घेत नाही. म्हणजे प्रत्येक जुनी मूर्ती आपोआप भारत सरकारची होत नाही. परदेशी न्यायालयं इथेच बोट ठेवतात. न्यूझीलंडहून बेकायदा बाहेर नेलेल्या माओरी कोरीवकामाच्या ओर्टिझ प्रकरणात इंग्लंडच्या न्यायालयांनी १९८०च्या दशकात निर्यातबंदीवर आधारलेला दावा फेटाळला. पुढे २००७ मध्ये बराकत गॅलरीविरुद्धच्या खटल्यात इराणचं म्हणणं मान्य झालं, कारण इराणच्या कायद्याने पुरावशेषांवर राज्याचा हक्क निर्माण केला होता. अमेरिकेतही शुल्ट्झ प्रकरणात २००३ मध्ये इजिप्तच्या बाजूने निकाल गेला तो इजिप्तच्या मालकीविषयक कायद्यामुळे. आपल्याला तसा सरसकट आधार नाही. त्यामुळे "बेकायदा निर्यात" एवढ्यावर थांबून चालत नाही. "अमक्या देवस्थानाच्या मालकीची वस्तू चोरीला गेली" असं म्हणावं लागतं आणि ते सिद्ध करावं लागतं.

देवस्थानाची मालकी हा मुद्दा आपल्याकडे भक्कम आहे. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्येच प्रमथनाथ मलिक प्रकरणात मानलं. आणि तमिळनाडूतल्या पथूरच्या नटराजाच्या खटल्यात १९९१ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने देवळाला वादी म्हणून उभं राहू दिलं, मूर्ती परत मिळाली. ज्या देवळाचे जेमतेम अवशेष उरले होते त्याला लंडनमध्ये न्याय मिळाला, हा निवाडा प्रत्येक विश्वस्ताने वाचावा असा आहे.

मराठवाड्यात हा पुरावा पुढील ठिकाणी धुंडाळा.

धर्मादाय कार्यालयातलं सार्वजनिक न्यासांचं रजिस्टर, म्हणजे ज्याला सगळे पीटीआर किंवा शेड्यूल एक म्हणतात. त्यात जंगम मालमत्तेचा रकाना असतो. बहुतेक जण जमिनीचा रकाना पाहून उतारा घडी घालून ठेवतात. जंगमच्या रकान्यात "पाषाणमूर्ती १, समया २, घंटा ३" इतकंच असलं तरी ते सोनं आहे. नोंदणीच्या मूळ अर्जाची आणि चौकशीची प्रमाणित प्रत मागा, त्यात कधीकधी यादी जास्त सविस्तर असते. १९५० चा विश्वस्त व्यवस्था कायदा या भागाला राज्य पुनर्रचनेनंतर लागू झाला. म्हणून त्याआधीची देवळं तिथे उशिरा दिसतात, काही तर दिसतच नाहीत. नोंदच नसेल तर आता तरी करा, पण जुन्या तारखा घालून यादी फुगवू नका. समोरचा वकील नोंदणीची तारीख पहिली बघतो.

निजामकाळासाठी उमूर-ए-मजहबी, म्हणजे धार्मिक बाबींच्या खात्याची दफ्तरं. १३४९ फसलीच्या धर्मादाय नियमांखाली देवळं, मशिदी, दर्गे, मठ यांची नोंद किताब-उल-औकाफमध्ये होत असे. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन साधारण मिळतं. त्याशिवाय इनाम चौकशीचे मुंतखब, म्हणजे चौकशीनंतर दिलेले निर्णयाचे उतारे. त्यात जमीन कोणत्या देवाच्या सेवेसाठी दिली ते असतं. देव कोणता आणि सेवा कुणाची, एवढंही दाव्याला जोड देतं. हे कागद हैदराबादच्या तेलंगण राज्य पुराभिलेखागारात, काही संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात, आणि काही पुजारी-इनामदारांच्या घरी, फडक्यात बांधलेले. उर्दू-फारसी वाचणारा आणि मोडी वाचणारा असे दोघे लागतील. भाषांतर करून घेताना मूळ, लिप्यंतर आणि भाषांतर अशा तीन प्रती ठेवा. दर्ग्याची किंवा मशिदीची वस्तू असेल, जुना कुराणाचा हस्तलेख किंवा बिदरी काम, तर वक्फ मंडळाकडे जा. मंडळाचं मुख्यालय संभाजीनगरच्या पाणचक्कीतच आहे.

देऊळ संरक्षित स्मारक आहे का, तेही पाहा. केंद्राचं असेल तर १९५१ चा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचा कायदा आणि १९५८ चा प्राचीन स्मारक अधिनियम. राज्याचं असेल तर महाराष्ट्राचा १९६० चा कायदा. त्याआधी हैदराबादचा १३३७ फसलीचा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा. मूळ अधिसूचना राजपत्रातून काढा. "संरक्षित" असं पाटीवर लिहिलंय, हा पुरावा नव्हे.

शेतात नांगरताना निघालेली वस्तू हा वेगळा प्रकार आहे. तेर, पैठण, भोकरदन या परिसरात नाणी, मणी, मृण्मूर्ती निघणं नवं नाही. दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी सापडला तर कलेक्टरला कळवणं हे १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे. तो निधी कळवलाच नाही आणि परस्पर विकला गेला, तर चोरीचा मालक दाखवता येत नाही, पण बेकायदा विल्हेवाट दाखवता येते. अशा वेळी कलेक्टर कचेरीत त्या सालात काही कळवलं गेलं होतं का, याची माहिती अधिकारात लेखी चौकशी करा. "नोंद आढळत नाही" हे उत्तरही फायलीला लावा.

हस्तलिखितांबद्दल एक वाक्य. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन वा कलात्मक मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांचं झालं की पुरावशेष ठरतं. बाकी वस्तूंना १०० वर्षं. अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी सर्वांना ठाऊक असते म्हणून सुरक्षित आहे. मठांतल्या महानुभाव पोथ्या, सांकेतिक लिपीत लिहिलेल्या, त्यांची पानं सुटी करून विकली गेली तर ती कोणत्या पोथीची हे सांगायला मूळ पोथीचं पानवार स्कॅनच लागेल.

तारखांची पट्टी

एका कागदावर आडवी रेघ ओढा. वर वस्तूचा प्रवास, खाली त्या त्या वेळी लागू असलेला कायदा. ही पट्टी सगळ्या फायलीचं हृदय आहे.

१९४७ च्या पुरावशेष निर्यात नियंत्रण कायद्याने परवान्याशिवाय निर्यात थांबली. पण सप्टेंबर १९४८ आधी हैदराबाद भारतात नव्हतंच. त्या काळासाठी भारताचा कायदा दाखवून उपयोग नाही, संस्थानाचा दाखवावा लागेल. १९४८ ते १९५६ मधल्या घटनेसाठी प्रत्येक केंद्रीय कायद्याचं "विस्तार" कलम आणि त्यातल्या दुरुस्त्या तपासा, तो हैदराबाद राज्याला कोणत्या तारखेपासून लागू झाला ते पाहा. १९७२ चा कायदा ५ एप्रिल १९७६ ला अमलात आला, १९७२ मध्ये नव्हे. ही चूक छापील लेखांतही दिसते. त्याखाली निर्यातीचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेला आहे (कलम ३), आणि शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षं (कलम २५). दगड, धातू, मृण्मय, हस्तिदंती, लाकडी मूर्ती, चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं यांची नोंदणी सक्तीची. वस्तू कुणाच्या ताब्यात होती याचं प्रमाणपत्र एखाद्या खासगी माणसाकडे असेल तर त्याची प्रत मागा. नोंदणी असूनही मालक बदलल्याचं कळवलं नसेल तर तिथेच साखळी तुटलेली दिसते.

युनेस्कोच्या १९७० च्या कराराला भारताने जानेवारी १९७७ मध्ये मान्यता दिली. हा करार मागे जाऊन लागू होत नाही, आणि दोन्ही देशांत तो अमलात आल्यानंतरच्या घटनांनाच खरा उपयोगी पडतो. अमेरिका १९८३, ऑस्ट्रेलिया १९८९, ब्रिटन २००२, स्वित्झर्लंड २००३, जर्मनी २००७. म्हणजे १९९५ मध्ये लंडनला पोचलेल्या मूर्तीसाठी कराराचं कलम सात कामाचं नाही. शिवाय ते कलम संग्रहालय, धार्मिक वा सार्वजनिक स्मारक यांच्या यादीत नोंद असलेल्या चोरीच्या वस्तूंपुरतं आहे आणि सद्भावनेने घेणाऱ्याला भरपाई द्यायला सांगतं. पुन्हा यादी आलीच. १९९५ चा युनिड्रॉईट करार खासगी हक्कांच्या दृष्टीने अधिक धारदार आहे, बेकायदा उत्खननातली वस्तू तो चोरीची मानतो. पण भारत त्यात नाही. त्यातली कलमं दाव्यात टाकू नका, उगाच फजिती होते.

"१९७० पूर्वी" या कॅटलॉगच्या ओळीला घाबरू नका. हा बाजाराचा पायंडा आहे, मालकीचा कायदा नाही. तुमच्याकडे १९८४ च्या जत्रेचा फोटो असेल तर ती ओळ खोटी ठरते, आणि खोटी प्रोव्हेनन्स, म्हणजे मालकीचा खोटा प्रवास, हा तपासयंत्रणेला सर्वांत आवडणारा धागा असतो.

आणि पट्टी फार मागे गेली तर? अजिंठ्याच्या भित्तिचित्राचा एक तुकडा १९२२ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात विकला गेला आणि आज तो बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. हे खटल्याचं प्रकरण होत नाही. तिथे राजनैतिक बोलणी, किंवा युनेस्कोची १९७८ पासूनची आंतरसरकारी समिती, हाच मार्ग. पाँपेईत १९३८ मध्ये निघालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर आणखी वेगळी. तिच्यासारखी मूर्ती भोकरदनच्या उत्खननात मिळाली, म्हणून ती "आपली" आहे. पण ती दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारात गेली, ती नेपल्समध्ये सुखात राहू दे.

गुन्हा आणि त्याचं कलम

एफआयआर नसेल तर ती उशिरा का होईना, नोंदवा. जुलै २०२४ पूर्वीच्या चोरीला भारतीय दंड संहिताच लागते. कलम कोणतं पडतं याकडे लक्ष द्या, ठाणे अंमलदारावर सोडू नका. कलम ३८०, म्हणजे मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी, याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा गुन्ह्याची दखल घ्यायला मुदतीची आडकाठी नाही. साध्या चोरीच्या कलम ३७९ ला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा, आणि तिथे तीन वर्षांची मुदत येते. गाभाऱ्यातली मूर्ती ३८० मध्ये बसते. पिंपळाच्या पारावरची किंवा बारवेच्या कोनाड्यातली बसवताना वाद होतो, आणि मराठवाड्यात बऱ्याच मूर्ती अशाच उघड्यावर आहेत. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, तो मागावा लागतो. जुलै २०२४ नंतरच्या चोरीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ पूजास्थानातल्या मूर्तीचा नावानिशी उल्लेख करतं.

जुनी एफआयआर असेल तर तिची, पंचनाम्याची आणि "तपास बंद" अहवालाची प्रमाणित प्रत घ्या. पंचनाम्यात मूर्तीची उंची "अंदाजे तीन फूट" असते आणि कॅटलॉगात ८७ सेंटिमीटर, तर त्याने बिघडत नाही. पण एकात उभी आणि दुसऱ्यात बसलेली असेल, तर आधी त्याचं उत्तर शोधा.

गुन्हा नोंदला की पोलिसांमार्फत सीबीआयकडे, तिथून इंटरपोलच्या चोरीच्या कलाकृतींच्या नोंदीत ती जाऊ शकते. परदेशातला पुरावा मागवायचा तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खालचं विनंतिपत्र न्यायालयातून जातं.

मूर्ती जिथे आहे तिथला कायदा

ब्रिटनमध्ये चोराविरुद्ध मुदत चालत नाही, पण सद्भावनेने कुणी विकत घेतली की तिथून सहा वर्षांत मूळ मालकाचा हक्कच संपू शकतो. म्हणून पहिली सद्भावनेची खरेदी कधी आणि खरंच सद्भावनेची का, हे शोधा. ब्रिटिश म्युझियमसारख्या संस्थांना तर वस्तू काढून टाकायला १९६३ चा कायदाच आडवा येतो. युरोपातल्या अनेक देशांत सद्भावनेच्या खरेदीदाराला जास्त संरक्षण आहे. अमेरिकेत चोराकडून आलेली मालकी शुद्ध होत नाही, म्हणून तिथे बळ जास्त. मॅनहॅटनच्या जिल्हा अभियोक्त्याच्या पुरावशेष पथकाने नोव्हेंबर २०२४ मध्ये चौदाशेहून जास्त वस्तू भारताला परत केल्या, त्यांतल्या अनेक फौजदारी तपासातून. जुलै २०२४ चा भारत-अमेरिका सांस्कृतिक संपदा करार मुख्यतः पुढे येणारा माल सीमेवर अडवण्यासाठी आहे, जुन्या वस्तूसाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

दिवाणी आणि फौजदारी वाटांतली निवड करताना माझा कल साफ आहे. गरीब देवस्थानाने परदेशात दिवाणी दावा लावू नये. पुरावा नीट बांधून तो तिथल्या तपासयंत्रणेकडे आणि आपल्या सरकारकडे द्यावा. नालंदा संग्रहालयातून १९६१ मध्ये चोरीला गेलेला बुद्ध २०१८ मध्ये एका कलाजत्रेत ओळखला गेला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला लंडनच्या पोलिसांनी तो परत केला. खटला नाही, वकिलांची फी नाही. संग्रहालयाची नोंद होती, एवढंच.

मागणी कुणी करायची

युनेस्कोच्या करारानुसार विनंती एका सरकारने दुसऱ्या सरकारला करायची असते. देवस्थानाने थेट नव्हे. म्हणून फायलीची एक प्रत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांना, एक राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला, एक तपासी पोलीस ठाण्याला. सोबत विश्वस्त मंडळाचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव. विश्वस्तांत वाद असेल (आणि मराठवाड्यात तो नसेल असं देवस्थान विरळाच) तर धर्मादाय आयुक्तांकडून कोण बोलणार हे आधी ठरवून घ्या. फाईल वीस पानांची असावी: एका पानात गोष्ट, एका पानात तारखांची पट्टी, समोरासमोर फोटो, मग कागद. लिलावाला आठवडाच उरला असेल तर फाईल अर्धीच पाठवा, पण पाठवा. मे २०२५ मध्ये पिप्रहवाच्या, म्हणजे बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेल्या रत्नांचा हाँगकाँगमधला लिलाव भारत सरकारच्या नोटिशीनंतरच पुढे ढकलला गेला.

वस्तू "परत येणं" किती प्रकारचं असतं तेही गावाला आधी सांगा. वाघनखं २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या उधारीवर. रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लिलावात विकत घेतली. पिप्रहवाची रत्नं शेवटी एका भारतीय उद्योगसमूहाने खरेदी केली म्हणून आली. या तिन्हींत मालकीचा दावा सिद्ध झाला असं नाही. विकत घेण्याच्या वाटेला मी विरोध करत नाही, पण चोरीच्या मूर्तीसाठी वर्गणी गोळा करून लिलावगृहाला पैसे मोजणं म्हणजे पुढच्या चोराला गिऱ्हाईक तयार करणं आहे.

परत आल्यावर ताबा

मूर्ती विमानाने उतरली की ती गावात येते असं नाही. ती बहुधा पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात जाते. दिल्लीच्या पुराना किल्ल्यात अशा परत मिळालेल्या वस्तूंचं दालनच आहे. फौजदारी खटला चालू असेल तर ती मुद्देमाल असते आणि न्यायालयाकडे सुपूर्दनाम्यावर (सांभाळून ठेवण्याच्या लेखी हमीवर) ताबा मागावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली. अर्ज मूर्ती यायच्या आधी तयार ठेवा. सोबत पीटीआर उतारा, गाभाऱ्याच्या दाराचे, कुलपाचे आणि कॅमेऱ्याचे फोटो, रात्रीच्या राखणदाराच्या नेमणुकीचा ठराव, १९७२ च्या कायद्याखालच्या नोंदणीचा अर्ज, आणि खटल्यात लागेल तेव्हा मूर्ती हजर करण्याची विश्वस्तांची लेखी हमी जोडा.